चाल न मिळालेल्या चार ओळी

हेमलता प्रकाश भोईर यांचं गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, उल्हासनगरच्या एका रुग्णालयात निधन झालं. वय अठ्ठावन्न. मूत्रपिंडाचा आजार होता. मागे पती आहेत, मूल नव्हतं. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला त्या शिकत होत्या. संगीताच्या मानसशास्त्रावरचा त्यांचा प्रबंध विभागात जमा झाला होता. तोंडी परीक्षा व्हायची होती.

बातमी मला मेसेजवरून कळली. प्रकाशभाऊजी फोन करत नाहीत, कारण त्यांना पलीकडचं नीट ऐकू येत नाही. मेसेजमध्ये लिहिलं होतं, "हेमा गेली. सगळं शांतपणे झालं. सावकाश ये." हेमलता माझी सख्खी आतेबहीण. घरात सगळे तिला हेमाताई म्हणत, पुढे मीही तेच म्हणतो. शेवटचं वर्ष-सव्वा वर्ष ती एकाच कामात गुंतली होती, आणि शरीर थांबण्याआधी ते नीट पुरं होतं की नाही, एवढाच तिच्यापुढचा प्रश्न होता. त्या कामात माझा थोडा हात होता, म्हणून ही नोंद.

शिकायला जाण्याआधीची सगळी नोकरी तिनं उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात केली. तिथे ती कानांची तपासणी करायची. छोटी बंद खोली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली लाकडी खुर्ची, पेशंटच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. मशीन मागे, हेमाताईपुढे. "आवाज आला की दाबा. नाही आला तर गप्प बसा." सूचना एवढीच. खुर्ची भिंतीकडे वळवलेली, कारण पेशंटला तपासणाऱ्याचा चेहरा आणि हात दिसता कामा नयेत. दिसले तर तो कानाऐवजी डोळ्यांनी उत्तर देतो. अंबरनाथच्या कारखान्यांतून कामगार तपासणीसाठी येत आणि त्यातले बरेचजण आवाज न येताच बटण दाबत. बहिरा ठरलो तर काम जाईल, ही भीती. हेमाताई त्यांच्यावर चिडायची नाही. मधेच आवाज पाठवणं बंद करायची आणि बटण चालू राहतंय का बघायची.

अशाच एका तपासणीला पत्रे ठोकायच्या गोंगाटाच्या प्रेस शॉपमधला एक तरुण आला होता. तो ठरावीक ठेक्यात बटण दाबत राहिला. हेमाताई उठून त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मशीन बंद करून बराच वेळ झाला." तो म्हणाला, "मग आधी सांगायचं ना! बोट दुखलं." तिनं तपासणी पुन्हा घेतली, खरा आकडा लिहिला, आणि त्याची बदली स्टोअरमध्ये झाली. तो तिच्यावर रागावला होता. पुढे वर्षभराने नातेवाइकांनी जे स्थळ आणलं ते त्याचंच निघालं. प्रकाशभाऊजींच्या कानात आज जे थोडं उरलंय ते त्या बदलीमुळे उरलंय, असं भाऊजी स्वतः सांगतात. हेमाताई हे ऐकलं की म्हणायची, "असेल. खात्रीने सांगता येणार नाही."

पंचावन्नाव्या वर्षी तिनं नोकरी सोडली आणि विद्यापीठाचा अर्ज भरला. दवाखान्याचे वयस्कर सिंधी डॉक्टर म्हणाले, "वडी साईं, इस उमर में कॉलेज? मेरे पेशंट का कान कौन पकडेगा?" ती जाताना त्यांनी तपासणीच्या खोलीतली जुनी खुर्ची तिला दिली, खोली नवी होणारच होती. ती खुर्ची बदलापुरात बेलवलीच्या तिच्या फ्लॅटमध्ये, पुढच्या खोलीत आली. तिथेही तिनं ती भिंतीकडे तोंड करूनच ठेवली. पाहुणे आधी बुचकळ्यात पडायचे, मग खुर्ची फिरवून बसायचे. ते गेले की ती पुन्हा भिंतीकडे वळवायची.

शिकायचं कारण जुनं होतं. तिचं सासर बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. सासूबाई त्या पट्ट्यातल्या धवलारीण. आगरी लग्नात विधींच्या वेळी धवले गाते ती धवलारीण. लग्नानंतर नव्या सुनेनं ते शब्द वहीत उतरवायला घेतले. सासूबाई सांगायला बसल्या आणि तिसऱ्या ओळीला अडल्या. "थांब गं, पहिल्यापासून घेते," म्हणाल्या आणि गायला लागल्या. गाताना कुठेच अडल्या नाहीत. लिहिण्यासाठी मधेच थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून. गावात सगळ्या बायका हेच सांगत, चालीशिवाय आठवत नाही. हेमाताईला विचारायचं होतं ते इतकंच, की हे खरं आहे का. सासूबाई पुढे वारल्या, प्रश्न राहिला.

वर्गात तिच्या शेजारी बाविशीतली मुलं बसत. पहिला आठवडा ती "आंटी" होती, मग "ताई" झाली. संगीताच्या मानसशास्त्राचा पेपर सावंत मॅडम शिकवत. त्या तिच्याहून वयानं बऱ्याच लहान. पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'संगीताने मन शांत होतं', आणि विचारलं, "कशाच्या तुलनेत?" कुणी गप्प बसून राहिलं तरी शांत होत असेल. नुसत्या पंख्याच्या आवाजानंही होत असेल. तुलनेला दुसरा गट नसेल तर हे वाक्य म्हणजे नुसतं मत. हेमाताईनं हा प्रश्न घरी नेला आणि तो घरात मुक्कामाला राहिला. भाऊजी म्हणाले, आज आमटी छान झालीय, की आतून आवाज यायचा, "कशाच्या तुलनेत?" भाऊजींना एखादेवेळी तो ऐकू जायचा. ते म्हणायचे, "शेजारणीच्या."

प्रबंधासाठी तिनं सासरच्या गावातल्या बायका निवडल्या. पहिली अडचण लगेच आली. माहीत असलेले धवले उपयोगाचे नव्हते, ते सगळ्यांना आधीच पाठ. शिवाय लग्न नसताना धवला म्हणायला कुणी तयार नव्हतं. गावातली सगळ्यात जाणती गाणारी हौसाबाई. तिनं विचारलं, "लगीन कोनाचं हाय? नाय ना? मंग कोनासाठी गाऊ, तुज्या कालेजासाठी?" तेव्हा हेमाताईनं स्वतः चार नव्या ओळी रचल्या आणि त्यांना धवल्याच्या वळणाची चाल बसवली. अर्ध्या बायकांना त्या ओळी चालीत ऐकवायच्या, अर्ध्यांना नुसत्या बोलून. मधे काही वेळ जाऊ द्यायचा आणि मग काय आठवतं ते विचारायचं. कोण कुठल्या गटात, हे तिनं किंवा बायकांनी ठरवायचं नाही, म्हणून डब्यात चिठ्ठ्या टाकल्या.

गावच्या शाळेच्या दोन खोल्यांत हे पार पडलं. मधल्या वेळात चहा दिला. तो एकाच चुलीवर झाला होता आणि व्हरांडा एकच होता. आकडे हातात आले तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले. चालीनं काहीच फरक पडला नव्हता. हेमाताईनं तसं लिहायला घेतलं. आपला अंदाज चुकला याचं तिनं वाईट वाटून घेतलेलं दिसलं नाही. उलट मला म्हणाली, "बघ, सगळं गाव म्हणतं म्हणून खरं नसतं." त्याच सुमारास तिची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं निदान झालं आणि एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. प्रबंधाची तीन प्रकरणं तोवर लिहून झाली होती.

त्यानंतर गावात पुतण्याची हळद होती. अशक्तपणा होता तरी ती गेली. मी आणि भाऊजी बरोबर होतो. मांडवात बायका गात होत्या. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि हेमाताईनं मान वर केली. ते तिचं होतं. तिच्या चार ओळी, तिची चाल, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात हौसाबाई. चिठ्ठीत हौसाबाईला नुसते बोललेले शब्द आले होते. चाल तिला कुणी ऐकवलीच नव्हती.

गाणं संपल्यावर हेमाताई तिच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, ही चाल तुम्हाला कुणी दिली?"

"कोनी म्हंजे? पारूनं. त्या दिवशी चहा घेताना."

"पण तुमच्या चिठ्ठीत चाल नव्हती."

"तेच तर! पारूची चिठ्ठी निघाली, माजी नाय निघाली. मंग काय झालं? आज तिची, उद्या माजी. निघाली नाय म्हनून काय आमी उपाशी रावाचं? सगल्यांना दिली तिनं."

तेव्हा उलगडा झाला. डब्यातून चिठ्ठी काढायची हे गावातल्या बायकांना एकाच ठिकाणी माहीत होतं, भिशीत. भिशीत चिठ्ठी निघाली नाही तर तुमची पाळी पुढे असते, पण असतेच. ज्यांना चाल मिळाली त्यांनी ती मागे राहिलेल्यांना देऊन टाकली होती. ही फसवणूक नव्हती, त्यांच्या हिशेबानं रीत होती. दोन्ही गट सारखे निघाले, कारण चहा संपेपर्यंत दोन गट राहिलेच नव्हते.

पारूबाई लांबून बघत होती. ती जवळ आली. "आगं बाय, चुकलं का काय आमचं? तोंड का असं केलंस?" हेमाताई म्हणाली, "तुमचं नाही चुकलं. माझं सांगायचं राहिलं." मग तिनं हळद लावून घेतली आणि जेवणाला थांबली.

दुसऱ्या दिवशी तिनं सावंत मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. मॅडमनी रस्ता दाखवला आणि तो प्रामाणिक होता. झालं ते जसंच्या तसं लिहा, गट मिसळले हे नोंदवा, म्हणून निष्कर्ष काढता येत नाही असं म्हणा. एम.ए.ला तेवढं पुरे आहे, तब्येत महत्त्वाची. भाऊजींचंही तेच मत होतं. मी डायलिसिसच्या दिवशी तिला भेटलो. हाताला नळ्या, बाजूला मशीन.

"तू काय करणार?" मी विचारलं.

"मॅडम म्हणतात ते सगळं लिहिणार. पहिल्या प्रयोगाचं प्रकरण तेच होईल. आणि दुसरा करणार."

"डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी गावाला जायचं नाही म्हटलंय. गाव माझ्याकडे येईल." मग नळ्यांचा हात सावरत म्हणाली, "विजू, सासूबाईंनी विचारलं असतं, काय निघालं गं? तर काय सांगू, चहा निघाला?"

भाऊजी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते?" मी मोठ्यानं सांगितलं. ते म्हणाले, "मला ऐकू नाही आलं." खरं तर मी सांगितलेलं त्यांना नीट ऐकू गेलं होतं. दोन दिवसांनी त्यांनीच गावातल्या ओळखीच्या रिक्षावाल्याशी बोलून ठेवलं.

विद्यापीठानं मुदत वाढवून दिली. संमतीपत्र नव्यानं करायचं होतं आणि ते साध्या मराठीत हवं, म्हणून ते माझ्याकडे आलं. तिच्या मसुद्यात पहिलं वाक्य होतं, 'या संशोधनातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक आहे.' ते मी तिसऱ्या ओळीत नेलं. आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली ती अशी: 'ही भिशी नाही. चिठ्ठीत निघेल तेच मिळेल. काम पुरं होईपर्यंत चाल कुणाकडे मागायची नाही आणि कुणाला द्यायची नाही. काम संपलं की चाल सगळ्यांना मिळेल.' शेवटचं वाक्य सावंत मॅडमनी घालायला लावलं. कुणाला कायमचं वंचित ठेवायचं नाही, हा नियम होता. असे प्रयोग मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीनं एकच शंका विचारली, भिशी म्हणजे काय. हेमाताईनं अर्धं पान उत्तर लिहून पाठवलं.

ओळीही नव्या लागल्या. तिनं रचल्या त्यात यमक होतं, ते मॅडमनी काढायला लावलं, कारण यमकानंही आठवतं. मग आठवलं ते चालीमुळे की यमकामुळे, हे कळणार नाही. उरल्या त्या ओळी अशा:

विहिरीच्या काठी तांब्या ठेवला,
तांब्यात पाणी, पाण्यात ऊन,
ऊन घेऊन सून घरी गेली,
उंबऱ्यावर अर्धं सांडलं.

गुण कसे द्यायचे यावर दोघींचं थोडं वाजलं. शब्द पुढेमागे झाले पण अर्थ तोच राहिला, तर ओळ बरोबर धरावी, असं मॅडमना वाटत होतं. हेमाताईनं ऐकलं नाही. "पुढेमागे झाले तर चूक. आत्ताच ठरवून टाकू. नंतर त्यांचे चेहरे आठवतात आणि मन विरघळतं." तिचा नियम राहिला.

दुसरी फेरी बेलवलीच्या फ्लॅटमध्ये झाली, डायलिसिस नसलेल्या दिवशी, सकाळी. एका वेळी एकच बाई. रिक्षातून आणायचं आणि सोडायचं काम भाऊजींचं. चिठ्ठीही तेच काढायचे. हेमाताई म्हणायची, "यांच्याकडून काही फुटणार नाही. आत काय चाललंय ते यांना ऐकूच जात नाही." बाई आली की दवाखान्याच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायची. हेमाताई मागे. लॅपटॉपवरून तिच्याच आवाजातल्या ओळी, चिठ्ठीप्रमाणे गायलेल्या किंवा बोललेल्या. काहीजणी मान वळवून तिच्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "किती वाळलीस गं तू? जेवतेस का?" ती म्हणायची, "समोर बघा मावशी. जेवते."

हौसाबाईच्या वाट्याला दुसऱ्यांदाही नुसते शब्द आले. हेमाताईनं मला नंतर सांगितलं, ती खुर्चीतून उठायलाच तयार नव्हती. "यंदा पन नाय? माज्या नशिबात चाल नाय का? दे ना गं, कोन बघतंय?" हेमाताई म्हणाली, "कुणी बघत नाही, म्हणूनच नको." हौसाबाई रिक्षात बसेपर्यंत बडबडत होती.

बायकांना आठवलं ते वर्गातल्या एका मुलीनं रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवलं. वर नाव नाही, गटही नाही. ते कागद गुण द्यायला माझ्याकडे आले. सगळी बेरीज झाली तेव्हा चालीत ऐकलेल्यांना थोडं जास्त आठवलं होतं. थोडंच. मी म्हटलं, "म्हणजे सासूबाई बरोबर होत्या." ती म्हणाली, "इतक्या कमी बायकांवरून तसं नाही म्हणता येत." प्रबंधात तिनं तेच लिहिलं. फरक दिसला, तो लहान आहे, गट छोटा आहे, आणि बरेच दिवस गेल्यावर काय उरतं हे तपासायला वेळ मिळाला नाही. या शेवटच्या वाक्याऐवजी 'मर्यादांमुळे शक्य झाले नाही' असं लिहावं, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "वेळच मिळाला नाही, तर तसंच लिही ना." वाक्य तसंच आहे.

प्रबंधाच्या प्रती भाऊजींनी विभागात नेऊन दिल्या आणि पोच घेऊन आले. त्यानंतर तिला तीनदा रुग्णालयात ठेवावं लागलं. तिसऱ्या वेळी ती घरी आली नाही. तोंडी परीक्षेशिवाय पदवी देता येत नाही, असं विभागाचं म्हणणं आहे. सावंत मॅडमनी वरती अर्ज केला आहे. हे लिहीपर्यंत त्यावर निर्णय झालेला नाही.

मागच्या रविवारी मी बेलवलीला होतो. हौसाबाई आली. भाऊजी तिला आणायला गेले नव्हते, ती स्वतः रिक्षा करून आली होती. पुढच्या खोलीत खुर्ची अजून भिंतीकडे तोंड करून आहे. भाऊजींनी सोफा दाखवला, पण ती सवयीनं जाऊन खुर्चीतच बसली. पाणी प्यायली. मग पाठमोरीच बोलली, "तिचं काम झालं का पुरं?"

"झालं. लिहून दिलं तिनं."

"मंग चाल दे."

मी भाऊजींकडे बघितलं. ती म्हणाली, "मी कोनाला मागितली नाय. पारूकडं हाय, मना ठाव हाय. तिनं पन दिली नाय. आमी एका बाकावर बसतो रोज." आणि मग, "कवाची वाट बघते... तीच येऊन देईल बोल्लेली."

मी विचारलं, शब्द आठवतात का. ती हसली. भिंतीकडे बघत तिनं चारही ओळी सांगितल्या, ऐकल्या होत्या तशा, सरळ बोलून, कुठेही सूर न लावता. मी कागद काढून ताडून बघितलं. पहिली, दुसरी आणि चौथी बरोबर होती. तिसरीत शब्द पुढेमागे झाले होते. ठरलेल्या नियमाप्रमाणे ती ओळ चूक आहे.

भाऊजींनी लॅपटॉप आणला, फाइल शोधली आणि आवाज पूर्ण मोठा केला. आधी हेमाताईची सूचना आली, "आता ऐका. मधे बोलू नका." मग चार ओळी, चालीत. हौसाबाई मधे बोलली नाही. भाऊजींनी फाइल पुन्हा लावली, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळेनंतर हौसाबाईनं हात वर करून थांबवलं आणि स्वतः गायला घेतलं. चाल रेकॉर्डिंगमध्ये होती तीच होती. तिसरी ओळ तिनं आधी बोलली होती तशीच म्हटली: सून ऊन घेऊन घरी गेली.